खालचा फोन

“बाई, फोन आपण उचलायचा, पण बोलणं ज्याचं त्याचं. कानावर पडलेलं कानातच राहू द्यायचं. जिभेवर आणलंत, तर ते नासलं समजा.”

नंदाला नोकरीवर घेताना आप्पासाहेबांनी एवढंच सांगितलं होतं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. तरी टेलिफोनच्या बोर्डवर दिवा लागला, की आधी त्यांचा घोगरा आवाज यायचा आणि मग समोरच्या माणसाचा. त्या दिवशीही तसंच झालं. आप्पासाहेबांच्या खुर्चीत आता त्यांची मुलगी बसत होती. तिनं, म्हणजे भाग्यश्री मॅडमनी, सल्लागार कंपनीचा नंबर मागितला. नंदानं तो जोडून दिला आणि कळ सोडता सोडता पलीकडचं एक वाक्य कानात शिरलंच.

“शॉपमध्ये सध्या कुणाला काही सांगू नका, मॅडम. कशासाठी मोजतोय ते कळलं, की माणसं आकडे फिरवतात.”

“बरं. नाही सांगत,” मॅडम म्हणाल्या.

नंदानं कळ सोडली. न ऐकल्यासारखं करणं तिला वर्षानुवर्षांच्या सवयीनं जमत होतं. न ऐकलेलं असणं मात्र कुणालाच जमत नाही.

भीमातीर इंजिनिअरिंग हा कारखाना हडपसरच्या पुढे, मांजरीच्या वाटेवर. साखर कारखान्यांना लागणारे मोठे शाफ्ट, पितळी बेअरिंगं असला जडशीळ माल तिथं बने. गळीत हंगामात एखाद्या कारखान्यात शाफ्ट तुटला, की सगळं गाळप थांबे. उसाच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहत, ऊस वाळू लागे आणि तिथला इंजिनिअर घायकुतीला येऊन पुण्याला फोन करी. असला फोन आप्पासाहेब कधी केबिनमध्ये घेत नसत. “खाली द्या,” म्हणत आणि जिना उतरून शॉपमधल्या, म्हणजे मशीनच्या दालनातल्या, खांबावरच्या फोनकडे जात. एका कानात बोट घालून ओरडून बोलत. बोलता बोलता लेथवरच्या माणसाकडे बघून भुवया उडवत. तो हाताच्या बोटांनी दिवस सांगे, आणि तेच आप्पासाहेब फोनवर सांगत. सगळ्यांच्या देखत दिलेला शब्द सगळ्यांचा होऊन जाई.

कॉम्प्युटरचं नाव काढलं, की ते हसत. “त्या काचेच्या खोक्याला काय ठाऊक, माझा महिपती आज कुठल्या तंद्रीत आहे ते?”

मॅडमचं उलट होतं. त्या बंगळुरूची नोकरी सोडून आल्या त्या कॉम्प्युटर बरोबर घेऊनच. मोडेम आलं, ई-मेल आली, ड्रॉइंगं पडद्यावर निघू लागली. आणि ही यंत्रं नुसती मागवून ठेवली नाहीत. प्रत्येक गोष्ट आधी स्वतः शिकल्या. कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या सौरभ नावाच्या कालच्या पोराला “हे पुन्हा दाखव” म्हणायला त्यांना कमीपणा वाटत नसे. नंदाला हे मनापासून आवडायचं. पण यंत्राशी ज्याचं इतकं जमतं त्याला माणसांचं काय करायचं असतं, हा किडा शॉपमध्ये प्रत्येकाच्या डोक्यात शिरला होता, आणि खरं सांगायचं तर तिच्याही. त्यातून कारखान्याच्या मागच्या अंगाला नव्या घरांच्या जाहिरातींच्या पाट्या लागल्या होत्या. मागच्या महिन्यात दोन माणसं फीत घेऊन कंपाउंडची मोजणी करून गेली होती. का, ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी सौरभ लॅपटॉप घेऊन बोर्डाच्या खोलीत आला. गेले काही दिवस तो आणि त्याचं स्टॉपवॉच शॉपमध्ये प्रत्येक मशीनपाशी उभं राहत होतं.

“नंदाताई, दोन मिनिटं. डेली कॉल्स किती येतात तुम्हाला? अंदाजे चालेल. आणि टोटल किती वेळ जातो?”

“हे कशाला रे?”

“जनरल स्टडी आहे,” तो म्हणाला आणि पडद्याकडे बघत राहिला.

नंदा रोज सकाळी न्हाऊन, बुद्धांसमोर मेणबत्ती लावून, त्रिसरण आणि पाचही शीलं सावकाश म्हणत असे. बाकीची चार दिवसभरात फारशी आडवी येत नसत. खोटं न बोलण्याचं चौथं तेवढं रोज कुठं ना कुठं वाट अडवून उभं राही. आजही राहिलं. तिनं फोनचा आकडा सांगितला, वेळ सांगितला.

“मग उरलेल्या वेळात?”

“काही नाही. बसते. लोकर आणली असली तर विणते.”

सौरभनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग टाइप केलं.

दारातून महिपती हे ऐकत होता. शॉपमधला सगळ्यात जुना माणूस, मांजरीचा. “नंदाबाई,” सौरभ गेल्यावर तो म्हणाला, “विणता ते बी सांगितलं? स्वेटर दाखवला का न्हाई त्याला?”

“विचारलं, सांगितलं.”

“झ्याक. आता थंडीत घालायला हुईल.”

*

येरवड्याच्या घरी संध्याकाळी तिचा नवरा चहा पिता पिता खुशीत होता. संभाजी त्याच कारखान्यात मोठ्या लेथवर होता.

“आज माझ्यापाशी उभं होतं ते पोरगं. मी हात जड केला. टूल काढलं, घासलं, लावलं. पसंत नाही पडलं, परत काढलं. मध्येच पाणी प्यायला गेलो. ते बिचारं घड्याळ धरून उभं. घामाघूम झालं माझ्यापेक्षा.”

घड्याळ समोर आलं की हात जड करायचा, हा शॉपमधला जुना नियम. नव्या माणसाला लेथ शिकवायच्या आधी हे शिकवत. एकदा का खरा वेग दाखवला, की तोच वेग रोज मागतात आणि वर म्हणतात, मग इतकी माणसं कशाला. त्यात कुणाला पाप वाटत नसे. तापलेलं भांडं फडक्यानं धरावं तसं ते होतं.

“सगळ्यांनीच का?” नंदानं विचारलं.

“महिपतीनं तर तिप्पट. सगळ्यांनी. तू?”

तिनं खरं सांगितलं होतं. संभाजीला ते महिपतीकडून कळलेलंच होतं.

“बरं, ते जाऊ दे. मॅडम त्या सल्लागारांशी रोज बोलतात. काय चाललंय? जागा विकायचीय ना?”

“मला माहीत नाही.”

“काहीच ऐकलं नाहीस?”

“ऐकलेलं मी सांगत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.”

“म्हणजे ऐकलंयस.” त्यानं कप खाली ठेवला. “नवऱ्याच्या पोटावर पाय येत असला, तरी शीलच पाळणार तू.”

तिनं कप उचलले. ‘कुणाला काही सांगू नका’ हे वाक्य तिच्या कानात काट्यासारखं रुतून बसलं होतं. त्याचा अर्थ तिला तरी कुठं ठाऊक होता? वाईट असेल, किंवा नसेलही. पण चांगली गोष्ट दार लावून कोण करतं, असं तिलाही वाटतच होतं.

*

दिवाळी झाली. बॉयलर पेटले, हंगाम सुरू झाला. आता माल कधी मिळेल ती तारीख मॅडमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर देऊ लागला. कुठलं मशीन कधी मोकळं, कुठल्या कामाला किती वेळ, सगळं त्याच्या पोटात भरलेलं होतं. फोन आला, की मॅडम बटणं दाबत आणि पडद्यावर येईल ते सांगत. ‘खाली द्या’ बंद झालं. खांबावरच्या फोनवर धूळ बसली.

पहिले काही दिवस नंदाच्या लक्षात आलं नाही. मग आलं. फोन जोडून देताना पलीकडचे इंजिनिअर पूर्वी तिची चौकशी करत. आता कळ सोडायच्या आधी कण्हल्यासारखे बोलत. “ताई, हे काय चाललंय तुमच्याकडं? बेअरिंगला तीन आठवडे? आप्पासाहेब चार दिवसांत द्यायचे.” ती म्हणे, “मॅडमशी बोला, साहेब.” पुढच्या खेपेला त्यांचा फोन येत नसे. कुणी कोल्हापूरला जाई, कुणी सांगलीला. हंगाम ऐन भरात होता, आणि बोर्डावरचे दिवे मात्र दुपारच्या दुपार विझलेले असत.

घरी संभाजी म्हणे, “काम कमी पडतंय. मुद्दाम पाडतायत. म्हणजे उद्या माणसं काढायला तोंड राहील.”

वर केबिनमध्ये मॅडम सौरभला म्हणत, “कपॅसिटी फुल आहे म्हणतोस, मग खाली माणसं रिकामी कशी दिसतात? मुद्दाम करतायत का?” ते केबिनच्या उघड्या दारातून बाहेर येई.

दोन्हीकडचं ऐकणारी एकटी नंदा मध्ये बसलेली. माणसांनी यंत्राला जड आकडे दिले, यंत्रानं ते खरे मानले, मॅडमनी यंत्राला खरं मानलं. सगळं तिला उजेडात ठेवल्यासारखं दिसत होतं. पण सांगायचं तर नवऱ्याचं नाव घेऊन सांगावं लागलं असतं.

डिसेंबरात मॅडमनी तिला आत बोलावलं.

“नंदाताई, बसा. सौरभच्या स्टडीत सगळ्या जागा पूर्ण भरलेल्या निघाल्या. एक सोडून.” त्या थांबल्या. “हंगाम संपला, की आपण नवीन एक्सचेंज बसवतोय. फोन आपोआप ज्याचे त्याला लागतील.”

“आणि मी?”

“बघू. काहीतरी करू.”

‘बघू’ या शब्दात किती जागा असते, हे नंदाला चांगलं ठाऊक होतं. अख्खं माणूस त्यात हरवतं.

“तुम्ही शॉपमध्येही ओळखता सगळ्यांना,” मॅडम आवाज उतरवून म्हणाल्या. “खाली काय चाललंय? तुम्हाला माहीत असणार.”

नंदानं हात मांडीवर जुळवून ठेवले. माहीत नाही म्हणणं खोटं झालं असतं.

“माहीत आहे, मॅडम. पण ते मी सांगायचं नाही. त्यांनी सांगायचं.”

मॅडमनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ही कुणाच्या बाजूची, एवढंच त्या शोधत होत्या.

*

त्याच आठवड्यात सोलापूरकडच्या एका कारखान्याचे चीफ इंजिनिअर हुलगे यांचा फोन आला. जुनं गिऱ्हाईक, काहीही मोडलं तरी आधी हेच दार ठोठावणारे. “ताई, पहाटेपासून मिल बंद हाय. शाफ्ट गेला. मॅडमला द्या लवकर.”

“देते, साहेब.”

नंदाचं बोट केबिनच्या कळीवर होतं. केबिनला दिला, की काय होणार ते तिला पाठ होतं. तीन आठवडे, मग कण्हणं, मग कायमचं गप्प. तिनं केबिनची कळ दाबली, आणि तिच्या शेजारची, कित्येक आठवड्यांत न दाबलेली, शॉपची कळही दाबली. खाली खांबावरची घंटा खणखणली.

“मॅडम, हुलगे साहेब आहेत. ब्रेकडाउन आहे. खालचा फोनही जोडलाय मी.”

“खालचा? कशाला?”

पण हुलगे बोलायला लागलेच होते. बटणांचा आवाज आला आणि मॅडम म्हणाल्या, “तीन आठवडे लागतील, साहेब. आमचा प्लॅन पूर्ण भरलाय.”

“तीन आठवड्यांत उसाच्या काड्या हुतील की हो, मॅडम.”

तेवढ्यात लाइनमध्ये लेथची घरघर घुसली. खाली महिपतीनं जुन्या सवयीनं फोन उचलला होता आणि जुन्या सवयीनं ओरडत होता, “कोण, हुलगे सायेब का? लई दिवसांनी. कंचा शाफ्ट, मागल्या साली केला त्योच ना? ए संभा, मोकळाच हायेस की. परवा जाईल, सायेब. परवा सांजच्याला गाडी लावा.”

मग लाइनवर घरघर तेवढी चालू राहिली.

“मॅडम हायेत व्हय लाइनवर?” महिपतीनं हळूच विचारलं.

“आहे,” मॅडम म्हणाल्या.

“म्हंजे मी नक्की कुणाचं धरू?” हुलगे म्हणाले.

“परवा. गाडी पाठवा.” मॅडमनी फोन ठेवला. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाताना नंदानं ऐकला. ती उठली आणि बोर्डाची घंटा ऐकू येईल इतक्याच पायरीवर जाऊन उभी राहिली.

खाली एकेक मशीन बंद होत गेलं. सौरभ मॅडमच्या मागोमाग धावत आला होता.

“परवा होतं, तर माझ्या कॉम्प्युटरमध्ये तीन आठवडे कुठून आले?” मॅडमनी विचारलं.

“तुमच्या पोरानं इच्यारलं, आमी सांगितलं,” महिपती म्हणाला. “त्यानं लिवलं. अक्षर चांगलं हाय त्याचं.”

“खोटं सांगितलंत.”

“जड सांगितलं.”

“म्हणजे पूर्ण डेटाच चुकीचा आहे?” सौरभ मटकन स्टुलावर बसला.

संभाजी हात पुसत पुढं आला. “मॅडम, आम्ही खरं कशापायी सांगावं? घड्याळ लावलंत, का लावलं ते सांगितलं नाही. जागेची मोजणी झाली, ती का झाली ते सांगितलं नाही. ज्याला काही सांगत नाहीत, त्यानं स्वतःचं स्वतः बघायचं असतं.”

“मोजणी नव्या शेडसाठी होती.”

“असेल,” महिपती म्हणाला.

त्या एका शब्दानं मॅडमचा चेहरा उतरला. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “सांगू नका, असं मला सांगितलं होतं. सांगितलं तर तुम्ही आकडे फिरवाल म्हणून. मला ते पटलं, हे माझं चुकलं.”

पायरीवर उभ्या असलेल्या नंदानं डोळे मिटले. इतके महिने कानात सांभाळलेलं वाक्य ज्याचं त्यानं काढून नेलं होतं.

“सौरभ, कॉम्प्युटर खाली आण,” मॅडम म्हणाल्या. “फोरमनच्या टेबलावर. तारीख इथं ठरेल. यात कुणाच्या नावावर काय भरलंय ते तुम्ही बघायचं. चूक असेल तर तुम्ही बदलायचं. मी वर बसून वाचणार.”

“मॅडम, इथं धूळ आहे. आत जाईल.”

“आमच्या आत बी जाते,” महिपती म्हणाला. “आमी चालतो की.”

कुणीतरी हसलं. मॅडमही हसल्या, पण संभाजी हसला नाही.

“आणि खरा वेळ दिल्यावर माणसं कमी केलीत तर?”

“या आकड्यांवरून मशीनवरचा एकही माणूस जाणार नाही. सगळ्यांसमोर सांगते.”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. विश्वास कुणाच्याच तोंडावर नव्हता. पण शब्द सगळ्यांच्या देखत पडला होता, आणि त्या शॉपमध्ये त्याला एक रीत होती. नंदानं मात्र ‘मशीनवरचा’ हा शब्द ऐकला. वर बोर्डाची घंटा वाजली. ती जाऊन जागेवर बसली.

रात्री जेवताना संभाजी तिच्याकडे न बघता म्हणाला, “तुझी जागा जायला लागली, तेव्हा आमचं उघडं पाडलंस.”

“मी कुणाचं काही सांगितलं नाही.”

“फोन जोडलास.”

“जोडला,” ती म्हणाली. “तो मात्र जोडला.”

आपल्या मनात नेमकं काय होतं, हे तिनं स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं. जागेचा विचार अजिबात नव्हता, असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

*

हुलग्यांचा शाफ्ट ठरल्या दिवशी गेला. मग कोल्हापूरला गेलेले एकेक जण परत फिरले. प्लॅस्टिकच्या झाकणाखालचा कॉम्प्युटर शॉपच्या धुरळ्यात टिकला. आधी त्याच्याकडे कुणी फिरकेना. मग आपल्या नावावर शेजारच्याचं काम दिसतंय म्हणून एक जण भांडायला गेला, आणि तिथून ये-जा सुरू झाली. महिपती एका बोटानं बटणं दाबी आणि सौरभला “मास्तर” म्हणे. मास्तरही आता स्टॉपवॉच न घेता येई आणि डबा शॉपमध्ये खाई. जड आकडे एकदम हलके झाले नाहीत. आज थोडा, उद्या थोडा, अंदाज घेत घेत माणसांनी ते खाली आणले. मॅडमनी घाई केली नाही. गिऱ्हाइकानं ड्रॉइंग पाठवलं, की त्याच दिवशी तारीख जाऊ लागली आणि तारखेला माल जाऊ लागला. फेब्रुवारीत दुसरी पाळी सुरू झाली. माणसं कमी व्हायची ती वाढली. मागच्या मोकळ्या जागेत पाया खणायला घेतला, तेव्हा महिपती रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघून येई, शेडचाच आहे ना. भिंती उभ्या राहून वर पत्रे चढले तेव्हा म्हणाला, “पत्रे काय, काढता बी येत्यात.”

मार्च उजाडला. एका दुपारी मॅडम स्वतः बोर्डाच्या खोलीत आल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

“सगळ्यांचे आकडे बदलले, नंदाताई. तुमचा बदलता आला नाही. तो पहिल्यापासून खराच होता.”

नंदानं विणकाम बाजूला ठेवलं.

“एक्सचेंज पुढच्या महिन्यात बसतंय. तुम्हाला घरी पाठवायचं माझ्या मनात नाही. डिस्पॅचमध्ये एक नवं काम काढतेय. हंगामाआधी कारखान्यांना आपणच फोन करायचे, काय झिजलंय ते विचारायचं. ते लोक तुमच्याशी बोलतात. पण हे कसं चालेल, मलाही माहीत नाही. एक हंगाम बघू. चाललं, तर कायम.”

पुन्हा ‘बघू’. पण या खेपेला पुढचं ‘मलाही माहीत नाही’ जोडून आलं होतं. त्यानं शब्द मऊ झाला, की नुसता प्रामाणिक झाला, ते नंदाला ठरवता येईना.

“अजून एक मागायचं होतं.” मॅडम थोड्या अवघडल्या. “त्या यंत्राला आवाज लागतो. विक्रीसाठी एक दाबा, दोन दाबा, असं बोलणारा. कंपनीनं एका बाईंचा पाठवलाय, पण तो विमानतळावरच्यासारखा वाटतो. हुलग्यांसारखा माणूस तो ऐकून फोन ठेवून देईल. त्यांना तुमचा आवाज ओळखीचा आहे. तुम्ही नाही म्हणालात, तरी मला वाईट वाटणार नाही. तुमच्या कामावरही त्याचा काही परिणाम नाही.”

बोर्डावर दिवा लागला. नंदानं फोन घेतला, जोडून दिला, हेडफोन उतरवला.

“करते,” ती म्हणाली.

“विचार करा हवं तर.”

“केला, मॅडम. करते म्हटलं ना.”

संभाजीनं हे ऐकून हातातला घास ताटात ठेवला. “माणूस काढतायत आणि आवाज ठेवून घेतायत. तुला कळतंय का? उद्या ते डिस्पॅचचं चाललं नाही तर?”

“तर घरी बसेन.”

“आणि तिथं तू बोलत राहशील. फुकट.”

“रात्री-अपरात्री माणूस घायकुतीला येऊन फोन करतो ना,” ती शांतपणे म्हणाली, “त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं, कुठलं बटण दाबायचं ते.”

“त्यांच्यावर विश्वास आहे तुझा?”

“नाही सांगता येत. पण मी हो म्हटलंय.”

*

रेकॉर्डिंग डेक्कनजवळच्या एका स्टुडिओत होतं. सौरभनं बजावलं होतं, “ताई, सकाळपासून अजिबात बोलू नका. व्हॉइस एकदम फ्रेश पाहिजे.” म्हणून त्या दिवशी तिनं मेणबत्ती लावून त्रिसरण मनातल्या मनात म्हटलं, पाचही शीलंही मनातच. कोमट पाणी प्यायली. ठेवणीतली पांढरी साडी नेसली. संभाजी दुसऱ्या पाळीला जायचा होता. तो खाटेवर बसून बघत होता. आदल्या रात्रीपासून तोही बोलला नव्हता, पण त्याचं कारण वेगळं होतं. ती चपला घालत असताना तो उठला, डब्यातून खडीसाखरेचे चार खडे काढून कागदात बांधले आणि तिच्या पर्समध्ये टाकले. तिनं मान हलवली आणि पायऱ्या उतरली.

बसला गर्दी होती. कंडक्टर खांद्यांतून वाट काढत आला. “बोला, ताई, कुठं?”

तिनं पैसे पुढं केले, आणि स्टुडिओचा पत्ता लिहिलेल्या चिठ्ठीवर डेक्कन या शब्दाखाली बोट ठेवलं. कंडक्टरनं चिठ्ठी वाचली, तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम निवळला.

“अरे ए, उठ रे जरा,” खिडकीशी बसलेल्या कॉलेजच्या पोराला तो म्हणाला. “ताईंना बसू दे. बोलता येत नाही त्यांना.”

पोरगा लगबगीनं उठला. पुढच्या दोघी-तिघींनी वळून हळहळत पाहिलं. नंदानं नकारार्थी मान हलवली. त्यांना तो संकोच वाटला आणि त्यांनी तिला धरून बसवलंच. कंडक्टरनं तिकीट फाडून तिच्या तळहातावर जपून ठेवलं.

उतरताना त्याला खरं ते सांगायचं, असं तिनं ठरवलं. मग एक खडा तोंडात टाकून, खिडकीकडे तोंड करून, ओठ न हलवता तिनं रेकॉर्डिंगचा मजकूर ‘नमस्कार’पासून मनात म्हणायला सुरुवात केली.